पायाला न कळलेली चप्पल

“एकच?”

दार उघडून माझी बायको मंदा एवढंच म्हणाली. मी नुकताच कासूहून रोह्याला परतलो होतो. थंडीचे दिवस होते. गावी धाकट्या भावाकडे, दत्तूकडे, मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खायला गेलो होतो आणि त्यानं दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात होती. मला वाटलं, ती पिशवीबद्दलच विचारतेय.

“एकच दिली त्यानं. आपल्या दोघांना दोन कशाला लागतात?”

“शेंगा नाय वो. चप्पल. एकच?”

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा, धुळीनं काळा झालेला, आणि अंगठ्याखाली एक बारीक खडी रुतून बसली होती. कासूच्या फलाटावरून गाडीत, रोह्याच्या स्टेशनातून रिक्षात, रिक्षातून उतरून जिना चढून दारापर्यंत, एवढा प्रवास तो पाय अनवाणी करून आला होता आणि मला त्यानं एका शब्दानं कळवलं नव्हतं.

मी हसलो. गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी तरुणपणापासून राजाची कामं केली आहेत. कमरेला तलवार बांधायची राहिली तरी प्रवेश सोडायचा नाही, हे अंगात भिनलेलं. “नवी फॅशन हाय,” असं म्हणून मी ऐटीत आत गेलो, बाथरूमची कडी लावली आणि नळाखाली पाय धरून ती खडी नखानं उचकटून काढली. रक्त आलं. दुखलं मात्र नाही.

तिथं, नळ वाहता ठेवून, मी पहिल्यांदा घाबरलो.

दुसऱ्या दिवशी दत्तूचा फोन. “दादा, कासूच्या फलाटावर एक चप्पल पडलीय. तुझीच वाटते. गाडीवरनं ओवाळून टाकलीस काय?”

दारुड्या म्हणा, म्हातारा नको

नाटकाला तीन घंटा होतात. चप्पल ही तिसरी होती. पहिल्या दोन मी ऐकूनही बसून राहिलो होतो.

पहिली घंटा म्हणजे, काही महिन्यांपासून जमीन मऊ लागत होती. रोह्यातली खडबडीत गल्ली, पण मी आपला गादीवरून चालल्यासारखा. दुसरी घंटा बेसिनसमोर. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी हळूच एका बाजूला कलायचो आणि भिंत धरायचो. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टा करून नुकताच निवृत्त झालेला. साखर बऱ्याच वर्षांची; गोळ्या आठवल्या की घ्यायच्या. मी मनाशी म्हटलं, कंपनी सुटली म्हणून अंग सैल पडलं असेल.

रस्त्यात झोक गेला की मी त्याचं नाटक करायचो. समोर कुणी ओळखीचा असेल तर कलता कलता लवून मुजरा करायचो. कुणी नसेल तर पडलेलं काहीतरी उचलल्यासारखं करायचो. बाजारात एकदा इतका कललो की एका भाजीवालीच्या टोपलीतली पडवळं हातात धरून उभा राहिलो आणि मग ती विकत घ्यावी लागली. आमच्या घरी पडवळ कुणीच खात नाही.

हळूहळू बातमी पसरली. दत्तूनं फोनवर आवाज खाली आणून विचारलं, “दादा, घ्यायला लागलास काय रं?”

आणि मी, जन्मात थेंब न घेतलेला माणूस, म्हणालो, “थोडी थोडी.”

मंदानं ते ऐकलं. फोन ठेवल्यावर माझ्यासमोर येऊन तिनं तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. ती अधिकच चिडली. “दारू नाय, मग खोटं का बोललात?”

काय सांगणार? लोकांनी दारुड्या म्हटलेलं मला चालणार होतं. दारू सुटते. म्हातारपण कुणाचं सुटलेलं मी पाहिलं नव्हतं.

शिवाय एक मोठं कारण होतं. आमचं गाव कासूच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बाप मिठागरात राबलेला. घरचा गणपती पेणच्या कारखान्यातून टेम्पोनं येतो, पण टेम्पो डांबर संपतं तिथंच थांबतो. पुढं खारजमिनीचा बांध. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी. त्या बांधावरून मूर्ती पाटासकट डोक्यावर घेऊन जायची, अनवाणी. मूर्तीच्या तोंडावर रुमाल असतो. तो घरी पोचल्यावरच निघतो. मध्ये मूर्ती खाली टेकवायची नाही आणि मागं फिरायचं नाही. डोक्यावर देव असला की मान खाली घालता येत नाही, म्हणून आमच्यात एक जण पुढं चालत वाट बोलतो. “उजवीकडं चिखल. आता दगड. आता उतार.” आधी बाप वाट बोलायचा आणि मूर्ती मी आणायचो. बाप गेल्यावर दत्तू बोलायला लागला. मूर्ती मात्र माझ्याच डोक्यावर.

बाप म्हणायचा, आगरातल्या माणसाचं पाय अंधारातसुद्धा वाट ओळखतात. माझ्या पायांना स्वतःची चप्पल ओळखता आली नव्हती. हे मी कुणाला सांगणार होतो?

गरम पाणी आणि जाडं मीठ

मिठागरातल्या माणसाचं पायाचं औषध एकच. गरम पाणी आणि मूठभर जाडं मीठ. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून आलेला बाप संध्याकाळी पुन्हा मिठाच्याच पाण्यात पाय घालून बसायचा, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. पण त्याला आराम पडायचा, हे खरं. तेव्हा पाय बधिर झालेत तर मीठपाणी, एवढं माझं वैद्यकशास्त्र.

मंदा देवळात गेली होती. मी पातेलंभर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, मीठ टाकलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून दोन्ही पाय आत सोडले. पाणी कोमट वाटलं. मी उठून अजून थोडं तापवून आणलं. मग छान वाटलं. खाली रस्त्यावर दोन रिक्षावाल्यांचं भांडण रंगलं होतं. मी वरून दोघांनाही मुद्दे पुरवत होतो.

मंदा आली. “काय चाललंय?” म्हणत तिनं सहज घमेल्यात बोटं घातली आणि अशी किंचाळली की खालचं भांडण थांबलं.

“अवं, पाय काढा! भाजतंय ते! काढा!”

मी पाय काढले. शिजलेल्या कोळंबीच्या रंगाचे झाले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझे होते हे मला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तळव्यांवर फोड आले.

मंदानं रिक्षा बोलावली. रिक्षात ती पदर तोंडात धरून रडत होती आणि मी तिला हसवायला काहीतरी बोलत होतो. माझा आवाज कापत होता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

“आता डोळे मिटा”

रोह्याच्या डॉक्टरांनी मलमपट्टी करून पेणच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. हसऱ्या, पण माझ्या विनोदांना नाही. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून तो थरथरता माझ्या हाडांवर टेकवला.

“थरथर कळते?”

“नाही.”

घोट्यावर. “इथं?”

“नाही.”

गुडघ्यावर टेकवला तेव्हा कुठं थरथर आली. मी इतका खूश झालो की “हां, आली!” असं ओरडलो, जणू पाहुणेच आले.

मग फोड सांभाळत त्यांनी मला उभं केलं. पाय जुळवून. मी राजासारखा उभा राहिलो, छाती पुढं काढून.

“आता डोळे मिटा.”

मिटले. पुढच्या क्षणाला मी डॉक्टरबाईंच्या हातांत होतो. त्या आधीच दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं.

“साखरेनं तुमच्या पायांच्या नसा बोथट केल्यात,” त्या म्हणाल्या. “पाय खालून काही कळवत नाहीत. त्यांचं काम सध्या डोळे करतायत. अंधार झाला, डोळे मिटले, मान वर केली, की तुम्ही पडणार.”

“पाय परत कळवायला लागतील?”

“साखर आवरली तर आहे ते टिकेल. गेलेलं किती परत येईल, मी सांगू शकत नाही.”

मी मंदाकडे न बघता विचारलं, “आमच्याकडं गणपती डोक्यावरून आणतात. बांधावरून.”

“अनवाणी?”

“व्हय.”

“तुम्ही घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि डोक्यावर ओझं घेऊन तर नाहीच.”

बाहेर बाकावर बसलो. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. तिथपर्यंतच मी उरलो होतो, असं वाटत होतं. पुढं मी नव्हतोच.

भरल्या सभागृहात

जखम चिघळू नये म्हणून मला वॉर्डात ठेवलं. वॉर्डाचं वेळापत्रक सोपं होतं. सकाळी सुई, मग पट्टी, मग पातळ वरण, मग छताकडं बघणं. शेजारच्या खाटेवर खांब गावचे एक आजोबा होते. अंगणात कोंबडीमागं धावताना पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं.

“कसं पडलात?” मी विचारलं.

“मी नाय पडलो,” आजोबा म्हणाले. “जमीन वर आली.”

आमची लगेच जमली.

सिस्टरनी बजावलं होतं, उठायचं असेल तर बेल वाजवा. पण लघवीला जायला घंटी वाजवायची? राजानं? एका दुपारी भेटायची वेळ होती. सगळ्यांचे नातेवाईक आलेले, डबे उघडलेले. फरशी नुकतीच पुसलेली. मी खाटेवरून उतरलो, प्रत्येक खाटेवरच्यांना मान हलवून नमस्कार करत निघालो. मान हलवत म्हणजे खाली न बघता. कोपऱ्यावर फरशी ओली होती. डोळ्यांनी पाहिली नाही, पायांनी सांगितली नाही.

पडलो तेव्हा डावा हात खाली आला आणि मनगटात काहीतरी कट्कन वाजलं. अख्खा वॉर्ड गप्प झाला. एवढी शांतता मला आयुष्यात कुठल्याच प्रवेशाला मिळाली नव्हती. मला एखादं वाक्य फेकायचं होतं. तोंड उघडलं तर हुंदका आला. पन्नास माणसांसमोर मी फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

“उठू नको,” आजोबा खाटेवरून म्हणाले. “आदी बघ काय काय मोडलंय. घाई नाय. तुझी गाडी चुकत नाय.”

त्या एका वाक्यावर मी आजही त्यांचा ऋणी आहे. मला उचलायला धावलेल्यांना त्यांनी थांबवलं होतं.

खुर्ची

पाय बरे झाले, हात प्लॅस्टरमध्ये, आणि मी रोह्याला घरी आलो. आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी हे वाचावं म्हणूनच हा सगळा खटाटोप.

मी चालणं सोडलं.

कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. उलट, चाला असं सांगितलं होतं. पण उभा राहिलो की मला ती ओली फरशी दिसायची. चार पावलांवरचं बाथरूम म्हणजे खाडीपलीकडचं गाव वाटायचं. मग मी कमी पाणी प्यायला लागलो. जेवण खुर्चीत. दाढी खुर्चीत. वाचन, टीव्ही, फोनवर गप्पा, सगळं खुर्चीत. आणि खरं सांगू? बरं वाटायचं. खुर्चीत माणूस पडत नाही.

मंदा सतत मागं. “उंबरा हाय. डावीकडं स्टूल हाय. बाथरूमचं दार लावू नका.” मी एकदा ओरडलो, “मी आंधळा नाय! आणि दार मी लावणार. मला थोडी इज्जत हाय.”

“इज्जत घेऊन पडा मग आत,” ती म्हणाली. मग तिचाच आवाज फुटला. “अवं, तुम्ही आत पडलात तर मी दार तोडू काय? माझ्या गुडघ्यांची काय दशा हाय, बघता ना? मी तुम्हाला उचलू शकत नाय. म्हणून ओरडते मी. दुसरं काय हाय माझ्याकडं?”

ती माझ्यासाठी वाट बोलत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा फक्त खुर्ची कळत होती.

खांबची ओटी

प्लॅस्टर निघाल्यावर मंदानं हट्ट धरला, खांबच्या आजोबांना भेटून येऊ. मी कारणं सांगितली. पाऊस येईल, रस्ता खराब, रिक्षात धक्के बसतात. ती ऐकेना. दोन्ही हातांनी तिचा खांदा धरून मी जिना उतरलो. रिक्षा करून गेलो.

ओटीवर खाट. खाटेवर आजोबा. मला वाटलं, अजून दुखत असेल.

“नाय, नाय,” सून उत्साहानं म्हणाली. “हाड कधीच जुळलं. डॉक्टर चाला म्हणतात. पण आम्ही उठूच देत नाय. परत पडलं मंजे? सगळं जागेवर देतो. अगदी राजासारखं ठेवलंय.”

खोटं नव्हतं. चादर स्वच्छ, केस विंचरलेले, उशाशी पेज. घरातल्यांनी माया करण्यात काही कमी ठेवली नव्हती. मग मुलानं कूस बदलायला चादर बाजूला केली आणि मला त्यांचे पाय दिसले. दांडीवर वाळत घातलेल्या बोंबलासारखे. कोंबडीमागं धावलेला माणूस होता तो.

सून चहा करायला आत गेली तशी आजोबांनी माझी बाही ओढली.

“चालतोस काय?”

“थोडं थोडं,” मी म्हणालो. दत्तूला दारूबद्दल सांगितलं होतं, अगदी तसंच.

“सोडू नको,” ते म्हणाले. “मी म्हटलं, जरा आराम करू. आता आराम संपतच नाय रं.”

परत येताना कोलाडला रिक्षावाला चहाला थांबला. मी कप खाली ठेवला. पडायची भीती मला होतीच. आता तिच्याहून मोठी भीती भेटली होती. मी मंदाला म्हटलं, “घरी गेलो की ती खुर्ची गॅलरीत टाक.”

“आणि बसणार कुठं?”

“बसायचं तेव्हा उठून गॅलरीत जाईन.”

ओट्याची शाळा

फिजिओथेरपीच्या मॅडम रोह्यातच मिळाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि कमालीच्या कडक. त्यांनी कुठलंही यंत्र आणलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याकडं बोट दाखवलं. “हा धरा. पडायला लागलात तर हा तुम्हाला सोडणार नाही.”

मग रोज मंदा भाकरी थापायची आणि मी शेजारी ओटा धरून टाचा वर, टाचा खाली. एका पायावर. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत ओट्याच्या कडेनं चालायचं, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. मांड्या पेटायच्या. माझ्या तक्रारी ऐकून मंदा म्हणायची, “राजे, भाकरी करपली तर तुम्हालाच वाढीन.”

सगळ्यात भारी धडा होता पडल्यावर उठण्याचा. आधी मोडलंय का ते बघायचं, आजोबांनी सांगितलं तसंच. मग कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्ची धरून एक पाय रोवायचा आणि उठायचं. गादी टाकून मी त्याच्या तालमी केल्या. कण्हण्याचे वेगवेगळे प्रकार करून दाखवले. मॅडम पहिल्यांदा हसल्या. आणि मलाही पहिल्यांदा, कितीतरी महिन्यांनी, पडणं म्हणजे शेवट असं वाटलं नाही. मोडलं नसेल तर मी उठू शकत होतो.

घर बदललं. पायपुसणी गेली, बाथरूममध्ये भिंतीला दांडा आला, दाराची आतली कडी गेली (माझी इज्जत तिच्याबरोबर), पलंगाजवळ दिवा आला. सकाळी उठल्या उठल्या उभं राहायचं नाही. पलंगाच्या काठावर पाय सोडून जरा बसायचं. चष्म्याचा जुना नंबर बदलला. गोळ्या आठवल्या की नव्हे, मंदा देईल तेव्हा. पायांत मोजे आणि पट्ट्याचे बंद बूट, घरातही. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, कारण आत खडा असला तर पाय सांगणार नाही. आणि रोज संध्याकाळी मंदा माझे तळवे टॉर्च लावून तपासते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझे पाय इतक्या वेळा कधीच धरले नव्हते, असं मी म्हटलं की टॉर्च डोळ्यांवर येतो.

काठी घ्यायला मी सगळ्यात जास्त वेळ लावला. शेवटी घेतली. राजाच्या हातात काहीतरी लागतंच.

भीती गेली नाही. हे लिहून ठेवतो. कुणी म्हणेल, व्यायाम केला की भीती जाते, तर माझी नाही गेली. ती रोज ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहायची. फक्त तिला घेऊन मी चालायला शिकलो.

रुमाल

श्रावण आला तसा दत्तू रोह्याला आला. मी काठी टेकत स्वतः दार उघडलं. तो काठीकडं बघत राहिला. त्याला मी सगळं सांगितलं. चप्पल, दारू, घमेलं, सगळं.

“मंजे तू पीत नव्हतास?”

“नाय.”

“अरे, मी वाडीत तुझी बाजू घेऊन किती भांडलो! मोठा माणूस हाय, पिऊ दे म्हणून!”

मग त्यानं माझी काठी हातात घेऊन पाहिली. “दादा, मूर्ती मी घेतो यंदा. पण वाट कोण बोलणार? तू गाडीतच बसून रहाशील, असं मला नाय वाटत.”

“वाट मी बोलतो,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. वाट बोलणाऱ्यानं खाली बघतच चालायचं असतं. तेवढं एकच काम मला रोज जमत होतं. पण बांध म्हणजे ओटा नव्हता.

“बुटं घालून?” दत्तूनं विचारलं.

“घालूनच.”

“देवाच्या पुढं? वाडी काय म्हणेल रं?”

हेच मलाही खुपत होतं. बापाच्या जागी, देवाच्या पुढं, पायांत बूट.

मंदा आतून म्हणाली, “भाऊजी, घरी पोचेपर्यंत देवाच्या तोंडावर रुमाल असतो ना?”

“असतो.”

“मग त्याला काय दिसतंय? आणि वाडीतल्यांचं म्हणाल, तर त्यांच्या तोंडावर मी बांधते एकेक.”

बांधावर

टेम्पो डांबर संपलं तिथं थांबला. सकाळी सर येऊन गेली होती. बांध काळा, चकाकणारा. दत्तूच्या डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर तांबडा रुमाल. मागं झांजा. मंदा मागच्या बायकांत. मी सगळ्यांच्या पुढं, हातात काठी, पायांत बूट. एक म्हातारी बुटांकडं बघून काहीतरी पुटपुटली. मंदानं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

“चिखल,” मी सुरुवात केली. “उजवीकडून ये. आता दगड. आता सपाट.”

आवाज माझाच होता, राजाचा. तो पुढं गेला आणि पाय मागून आले. चाललं होतं. अर्धा बांध झाला आणि उघाडी आली.

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची झडप. तिच्यावर एक अरुंद फरशी असते, दोन्हीकडं काही नाही. खाली भरतीचं पाणी खळखळत होतं. फरशी ओली होती. आणि मला वॉर्डातला तो कोपरा दिसला.

मी थांबलो. काठीचं टोक फरशीवर टेकवलं, पण पाय पुढं टाकला नाही.

मागून दत्तूचा आवाज आला. “दादा? बोल ना.”

मी फक्त काठी घट्ट धरली.

“दादा, मला खालचं काय दिसत नाय. मान मोडतेय. काय हाय पुढं?”

“दत्तू,” मी म्हणालो, “मला भ्या वाटतंय.”

झांजा थांबल्या. मूर्ती खाली टेकवता येत नव्हती. मागं फिरता येत नव्हतं.

“मला पन वाटतंय,” दत्तू म्हणाला. “तुझा आवाज बंद झाला की मला लय वाटतंय. तू नुसतं बोल. काय दिसतं ते बोल.”

मी खाली पाहिलं. “फरशी,” मी म्हणालो. “ओली हाय. मधी कोरडा पट्टा हाय. काठी पुढं. आता डावा पाय, कोरड्यावर. टेकला. दिसतोय मला टेकलेला. आता उजवा.”

मी दत्तूला सांगत होतो की माझ्या पायांना, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. ओट्याशी चालायचो तसाच चाललो, टाचेला बोटं लावत. जे पायांना कळत नव्हतं ते मी त्यांना मोठ्यानं ऐकवत होतो. पलीकडं गवत आलं.

“गवत,” मी ओरडलो. “आलं, गवत आलं!”

“आलो,” दत्तू म्हणाला आणि कोरड्या पट्ट्यावरून माझ्या मागं उतरला.

मी पुन्हा वाट बोलायला लागलो. भीती घरापर्यंत बरोबर आली.

दारात दत्तूच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. मी ओटीच्या कडेला आधी नीट बसलो आणि मगच बूट काढले. मूर्ती मखरात बसली. घंटा वाजायला लागली, आणि दत्तूनं रुमाल उचलला. सगळे मान उंचावून देवाच्या तोंडाकडं बघत होते.

मंदा त्यांच्यात नव्हती. ती ओटीखाली माझ्या पायांशी वाकली होती, टॉर्च घेऊन. तिनं एकेका पायाचा मोजा काढला, तळवा उजेडात धरला, बोटांच्या बेचक्यांतून बघितलं. मग मोजे परत चढवले, बुटांत हात फिरवून पाहिला आणि ते माझ्या पायांशी सारखे लावून ठेवले.

“बघितलं?” मी विचारलं.

“बघितलं,” ती म्हणाली. “दोन्ही हायेत.”